व्हीसेंटरचे अलार्म : कोणते चालू ठेवायचे आणि रात्री माणसाला उठवायचं कसं?

अरुणावती_काठ (१३ मे, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेज आहे, तिथलं आयटी मी पाहतो. पाहतो म्हणजे प्रोजेक्टरच्या रिमोटच्या सेलपासून सर्व्हरपर्यंत सगळं मीच. ३ ईएसएक्सआय होस्ट (म्हणजे खरे सर्व्हर), एक सामायिक स्टोरेज, ३१ व्हीएम (होस्टवर चालणारे आभासी संगणक) आणि त्यांच्यावर देखरेखीला व्हीएमवेअरचं व्हीसेंटर. आवृत्ती ७.

परवाच्या शनिवारी रात्री सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. रविवारी कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. सोमवारी सकाळी शिपाईकाकांचा फोन, "सर, त्या खोलीच्या दाराले हात लावून पाहा, भट्टी होऊन राहिली." जाऊन बघतो तर एक होस्ट तापून स्वतःच बंद झालेला. एचएने (होस्ट पडला की त्याच्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर चालू करणारी सोय) त्याच्यावरच्या व्हीएम उरलेल्या दोघांवर उठवल्या होत्या. म्हणजे आधीच तापलेल्या दोघांच्या डोक्यावर तिसऱ्याचं ओझं.

आता खरी गोष्ट. अलार्म वाजला होता. तापमानाचा पहिला मेल शनिवारी रात्री ११:५२ चा. पण शनिवार ते सोमवार सकाळ एकूण मेल आले ६४०, आणि मी हे सगळे मेल एका वेगळ्या फोल्डरात आपोआप जातील असा नियम कधीचाच लावून ठेवलाय. तो फोल्डर शेवटचा कधी उघडला होता ते विचारू नका.

प्राचार्य म्हणतात, एवढं महागाचं सॉफ्टवेअर आहे तर ते फोन का करत नाही? प्रश्न चुकीचा नाही. कोणते अलार्म ठेवू, कोणते बंद करू? आणि माझ्या घरी मोबाइल डेटा गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही, तर रात्री मला उठवायचं कसं?

---

कोहळं (१३ मे, ११:३१)

६४० मेल! माझ्या लग्नाच्या पंगतीत एवढी पानं उठली नव्हती.

---

मुळामुठा (१४ मे, सकाळी ९:०५)

मुळात फक्त व्हीसेंटरच्या अलार्मवर अवलंबून राहणं जुन्या पद्धतीचं झालं. आम्ही आरिया ऑपरेशन्स हे व्हीएमवेअरचंच देखरेखीचं सॉफ्टवेअर वापरतो. ते प्रत्येक व्हीएमचं नेहमीचं वागणं शिकून मर्यादा स्वतः ठरवतं. त्याच्यावर तिकिटिंग, आणि ऑन-कॉल टीमची आठवड्याची पाळी. पहिल्याने १५ मिनिटांत उचललं नाही की दुसऱ्याला जातं.

---

अरुणावती_काठ (१४ मे, ९:४०)

@मुळामुठा दादा, आमच्याकडेही पाळी आहे. पहिल्या आठवड्यात मी, दुसऱ्या आठवड्यात मी, तिसऱ्या आठवड्यात मी सुट्टीवर असलो तरी मी.

---

तिफण (१४ मे, दुपारी १:१५)

मी अमरावती जिल्ह्यात एका रुग्णालयाचे सर्व्हर बघते. तुमच्यासारखीच एकटी. दोन वर्षांपूर्वी माझीही हीच गत होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळे अलार्म एका बैठकीत बसून वाचले. स्क्रीनवर डावीकडच्या झाडात सगळ्यात वर व्हीसेंटरचं नाव आहे ते निवडा, कॉन्फिगर, त्यात अलार्म डेफिनेशन्स. तयार आलेले बहुतेक अलार्म तिथे वरच बांधलेले असतात आणि खालच्या क्लस्टर, होस्ट, व्हीएमकडे वारशाने उतरतात. होस्टवर जाऊन बदलायला गेलात तर बदलता येणार नाही, जिथे बांधला तिथेच सुटतो. मी या एका गोष्टीत अर्धा दिवस घालवला होता.

मग प्रत्येक अलार्मला एकच प्रश्न विचारला : हा रात्री २ वाजता आला तर मी अंथरुणातून उठून काय करीन? "काही नाही, सकाळी बघीन" असं उत्तर आलं की त्याची मेल काढून टाकली. अलार्म बंद नाही केला, नुसती मेल काढली. स्क्रीनवर पिवळा-लाल दिसत राहतो, सकाळी चहा घेताना पाहते.

व्हीएमच्या सीपीयूचा अलार्म हा सगळ्यात मोठा बोंबल्या. ठरीव मर्यादा ७५ टक्क्यांना पिवळा आणि ९० ला लाल, तेही ५ मिनिटं टिकलं तर. आमच्याकडे रोज दुपारी अँटिव्हायरसचं स्कॅन सुरू झालं की सगळं झाड लाल. त्यात रोगी दगावत नाही. मेल बंद.

डेटास्टोअरचा (व्हीएमच्या फायली राहतात ती जागा) मात्र उलट. ठरीव ७५ ला पिवळा, ८५ ला लाल. हा अजिबात सोडू नका. थिन डिस्क (लागेल तशी जागा घेत जाणाऱ्या) असतील आणि डेटास्टोअर खरंच भरला, तर त्याच्यावरच्या व्हीएम जागा नाही म्हणून थबकून उभ्या राहतात. आमच्याकडे एकाने अपग्रेडच्या आधी स्नॅपशॉट (मागे फिरता यावं म्हणून व्हीएमची त्या क्षणाची नोंद) घेतला आणि विसरला. तो स्नॅपशॉट चार महिने आतल्या आत सुजत होता. म्हणून स्नॅपशॉटच्या आकाराचा वेगळा अलार्म मी स्वतः बांधला, तो तयार मिळत नाही. लक्ष्य व्हीएम ठेवायचं, ट्रिगरमध्ये स्नॅपशॉट साइज.

शेवटी उठवणारे अलार्म उरले सात. होस्टचा संपर्क तुटणं, तापमान, पॉवर सप्लाय, स्टोरेजची वाट तुटणं, डेटास्टोअर लाल, एचएने व्हीएम उठवायला घेणं आणि एचएला जागा अपुरी पडणं. सात म्हणजे सातच. आठवा घालायचा तर एक काढायचा, असा माझा स्वतःशी करार आहे.

---

खारपाणपट्टा (१४ मे, दुपारी ३:३०)

तिफणताईचं बरोबर हाय. आमचे बाबा तुरीत जागलीले जात. संगं कुत्रं. ते कुत्रं असं की पान हाललं तरी भुके, ससा गेला तरी भुके, आपलाच माणूस डबा घेऊन आला तरी भुके. चार रोजात बाबानं कानावर घोंगडी घेतली. पाचव्या रोजी रोह्याचा कळप आला, कुत्रं भुकलं, बाबा म्हणे "भुकते त्ये". सकाळी अर्धा एकर साफ.

अरुणावतीभाऊ, तुमच्या त्या फोल्डरचं नाव घोंगडी ठेवा.

बाकी मुद्द्याचं. मी अकोल्याकडं एका जिनिंगमध्ये असतो. तुमचे ६४० मेल म्हणजे ६४० भानगडी नाहीत. नियमात रिपीटची खूण केली असेल तर अलार्म लाल असेतोवर दर ५ मिनिटानं मेल सुटते. एकाच गोष्टीची एका रात्रीत शंभर सहज. ती खूण फक्त उठवणाऱ्या अलार्मले ठेवा, बाकी सगळ्यांची काढा.

---

कोहळं (१४ मे, ३:३४)

घोंगडी ❤️ मी आत्ताच ऑफिसात फोल्डरचं नाव बदललं. साहेबांच्या मेलसाठी.

---

तूरडाळ_भात (१४ मे, संध्याकाळी ६:१०)

माझी अडचण उलटी आहे. मेल येतच नाहीत. मेल सर्व्हरच्या रकान्यात जीमेलचा पत्ता टाकला, पाठवणाऱ्यात माझा मेल. अलार्म लाल होतो, मेल शून्य.

---

सांबारवडी (१४ मे, रात्री ८:४५)

@तूरडाळ_भात तसं जाणार नाही. नुसता तो रकाना भरला तर व्हीसेंटर त्यातल्या सर्व्हरकडे पोर्ट २५ वर साधी, बिनपासवर्डाची मेल टाकायला जातं. जीमेलला लॉगिन आणि एन्क्रिप्शन दोन्ही हवं. शिवाय ३० मे २०२२ पासून गुगलने नुसत्या पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रामला आत येऊ देणं बंद केलंय. टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो.

सोपा मार्ग : एक छोटी लिनक्स व्हीएम, तिच्यावर पोस्टफिक्स (मेल पुढे पोचवणारा प्रोग्राम). व्हीसेंटर मेल पोस्टफिक्सला देईल, पोस्टफिक्स ॲप पासवर्ड वापरून जीमेलला देईल. फक्त पोस्टफिक्स आतल्या नेटवर्कापुरताच उघडा ठेवा, नाहीतर गावभराचा टपालवाला व्हाल.

तपासायला खऱ्या संकटाची वाट पाहू नका. एक फोल्डर करा, त्यात एक रिकामी व्हीएम, आणि त्या फोल्डरवरच अलार्म बांधा : पॉवर स्टेट ऑफ झाली की लाल. व्हीएम बंद करा, मेल आली का बघा. १० मिनिटांचं काम.

आणि @अरुणावती_काठ, तुमच्या घटनेत एक भोक कोणी दाखवलं नाही. तुमचं व्हीसेंटर राहतं कुठे? त्याच ३ होस्टपैकी एकावर ना? जो होस्ट बंद पडला त्याच्यावरच ते असतं तर? एचए त्याला दुसरीकडे उठवेल, एचएला व्हीसेंटर लागत नाही, होस्ट आपसातच ठरवतात. पण ते पुन्हा पूर्ण उभं राहून कामाला लागेपर्यंतचा वेळ तुमच्याकडे आंधळा. आणि तिन्ही होस्ट गेले तर मेल पाठवायलाच कोणी उरलं नाही. जागल्याच शेतासकट जळाला.

---

अरुणावती_काठ (१४ मे, रात्री ९:३०)

पाहिलं. व्हीसेंटर दुसऱ्या होस्टवर होतं म्हणून वाचलो. निव्वळ नशीब.

@तिफण ताई, तुमची यादी छापून भिंतीला लावली. आमच्याकडे मेल सुटणारे किती ते मोजले : ५८. सगळे माझ्या आधीच्या माणसाने लावलेले. त्याला कोणीतरी "सगळे लाव" म्हटलं असणार.

---

निवृत्त_लाइनमन (१५ मे, सकाळी ६:२०)

मले व्हीसेंटर समजत नाही, माझा पोरगा या धंद्यात हाय म्हणून वाचत असतो. पण एक विचारतो. एसी बंद काहून पडला?

---

अरुणावती_काठ (१५ मे, सकाळी ८:१०)

काका, लाइन गेली, जनरेटर सुरू झाला, ४० मिनिटांनी लाइन आली. सर्व्हर यूपीएसवर, त्यांना काही झालं नाही. एसी यूपीएसवर नाही. तो गेला तो पुन्हा सुरूच झाला नाही.

---

निवृत्त_लाइनमन (१५ मे, सकाळी ८:४५)

मंग झालं तर. घरगुती एसी बसवला असन तुमी. काही एसी लाइन आल्यावर आपोआप सुरू होतात, काही रिमोट दाबल्याशिवाय होत नाहीत. ऑटो रिस्टार्ट म्हणतात त्याले. तुमच्यात हाय का नाही ते बिनकामाच्या वेळी मेन स्विच पाडून पाहा. काही मॉडेलात असते पण बंद करून ठेवलेलं असते.

दुसरं, एका एसीवर खोली सोडू नका. दोन लावा, दोन वेगळ्या फेजवर. एक फेज गेली तर सगळी खोली उघडी पडत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ असते, कौलारू खोलीत माणूस टिकत नाही, तिथं लोखंड काय टिकन.

अलार्म मंग लावा. आधी एसी.

---

झाडीबोली (१५ मे, दुपारी १२:३०)

काकांना दंडवत. आपण सगळे दोन दिवस ट्रिगर आणि मेल करत बसलो, रोगाचं नाव त्यांनी एका ओळीत विचारलं.

तरी अलार्मचं एक राहिलं, कारण वर कोणी बोललं नाही आणि नवीन माणूस इथेच फसतो. अलार्मवर उजवं बटण दाबलं की दोन गोष्टी दिसतात, ॲक्नॉलेज आणि रिसेट टू ग्रीन. ॲक्नॉलेज म्हणजे "पाहिलं, आता ओरडू नको". पुढच्या मेल थांबतात, अलार्म मात्र लालच राहतो. रिसेट म्हणजे तो हिरवा करणं.

डेटास्टोअर भरणं ही अवस्था आहे, जागा झाली की अलार्म स्वतः हिरवा होतो. पण एखाद्या घटनेवर बांधलेला अलार्म, समजा "अमुक झालं" या इव्हेंटवर, तो आपण होऊन उतरत नाही. त्याला रिसेटचा नियमही सोबत लिहावा लागतो : उलटी घटना घडली की हिरवा हो. भंडाऱ्याकडे एका ठिकाणी मी गेलो तर तीन महिन्यांपूर्वीचा लाल तसाच. विचारलं तर म्हणे, "तो आमच्याकडे असाच असते."

---

खारपाणपट्टा (१५ मे, दुपारी १:०५)

आमच्याकडं याच्याहून भारी झालं. होस्टमध्ये रॅम टाकायची होती म्हणून क्लस्टरवर डिसेबल अलार्म ॲक्शन्स केलं, म्हणजे काम चालू असताना बोंब नको. हे पोळ्याच्या आधी. काम झालं, घरी गेलो, पुरणपोळी खाल्ली. परत चालू करायचं ध्यानात आलं दिवाळीनंतर, तेही मालकानं "आजकाल तुमच्या मेल येत नाहीत, सगळं चांगलं चालू हाय वाटते" असं म्हटल्यावर.

---

तिफण (१५ मे, दुपारी १:२०)

@खारपाणपट्टा 😂 म्हणून माझ्याकडे वहीत लिहायचं असतं, "बंद केलं", आणि खाली रिकामी ओळ "चालू केलं". ती ओळ रिकामी दिसली की टोचते.

---

मुळामुठा (१५ मे, दुपारी ४:००)

वहीत? २१ व्या शतकात?

---

तिफण (१५ मे, ४:०६)

वही चार्ज करावी लागत नाही.

---

गोंदियाचा_तांदूळ (१५ मे, संध्याकाळी ५:५०)

विषयांतर करतो, माफी. व्हीसेंटर ७ ची नेहमीची सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमचे लायसन्स विकणंही बंद, आता सबस्क्रिप्शन. ३ होस्टच्या कॉलेजने यात पडायचंच कशाला? प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर या. ८.१ पासून त्यात सूचना पाठवायची व्यवस्थाही नीट झाली आहे.

---

सांबारवडी (१५ मे, संध्याकाळी ६:३०)

प्रॉक्समॉक्स चांगलंच आहे, मीही दोन ठिकाणी लावलंय. पण त्याचाही एसी बंद पडला की ते तेवढंच तापतं. त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.

इथे अलार्मचं पुढे नेतो. तापमानासाठी व्हीसेंटर ही दुसरी फळी ठेवा. पहिली फळी सर्व्हरमध्येच आहे : आयलो किंवा आयड्रॅक, जे देखरेखीचं कार्ड तुमच्याकडे असेल ते. त्याला स्वतःचं नेटवर्क पोर्ट, होस्ट बंद असला तरी ते जागं. ते स्वतः मेल आणि एसएनएमपी ट्रॅप (नेटवर्कवरून जाणारा इशारा) पाठवतं. आत येणाऱ्या हवेचं तापमान तिथे दिसतं. सर्व्हर खोलीसाठी ॲश्रे या वातानुकूलनाच्या संस्थेने सुचवलेला टप्पा १८ ते २७ अंश. कार्डात मर्यादा खाली आणता येत असेल तर ३० ला ओरडायला सांगा. कारखान्याची मर्यादा येईपर्यंत थांबलात तर हातात वेळ उरत नाही.

आता "मेलेला माणूस फोन कसा करणार" हा प्रश्न. उत्तर असं की त्याने फोन केला नाही, हीच खबर. कॉलेजातून दर ५ मिनिटांनी बाहेर एक हाक जाऊ द्या. हाक चुकली की बाहेरचा माणूस तुम्हाला उठवेल. हेल्थचेक्स डॉट आयओ हेच करतं, किंवा बाहेर पब्लिक आयपी असलेल्या एखाद्या संगणकावर अपटाइम कुमा टाका, त्यात पुश नावाचा प्रकार आहे. हाक आतून बाहेर जाते, त्यामुळे कॉलेजच्या फायबरला स्वतःचा पब्लिक आयपी नसला तरी चालतं. खेड्यात तो बहुधा नसतोच.

---

कोहळं (१५ मे, रात्री ७:१५)

म्हणजे आजीसारखं. रोज संध्याकाळी फोन करते. एक दिवस नाही आला की सगळे गाडी काढतात.

---

अरुणावती_काठ (१५ मे, रात्री ९:५०)

हे पटलं. पण रस्त्याचं काम चालू आहे, जेसीबी महिन्यातून दोनदा फायबर तोडतो. मग बाहेरचा माणूस दर वेळी मला उठवणार, आणि पुन्हा घोंगडी. शिवाय फायबर तुटलेलं असताना एसी गेला तर मेलही जाणार नाही.

---

खारपाणपट्टा (१५ मे, रात्री १०:३०)

त्याच्यावर माझा जुगाड आइका. इंटरनेट लागतच नाही.

एक रास्पबेरी पाय, म्हंजे तळहाताएवढा संगणक. त्याले यूएसबीनं जीएसएम मोडेम. त्यात साधं सिम. व्हीसेंटरमध्ये एसएनएमपीचे ४ रिसिव्हर देता येतात, त्यातला एक म्हणजे हा पाय, पोर्ट १६२. उठवणाऱ्या अलार्मच्या नियमात मेलसंगं एसएनएमपी ट्रॅपची खूण. सर्व्हरच्या कार्डालेही हाच पत्ता. ट्रॅप आला की पाय मोडेमले सांगतो : एटीडी, माझा नंबर आन शेवटी अर्धविराम. तो अर्धविराम विसरू नका, त्याच्यानंच तो आवाजाचा फोन होते, नाहीतर मोडेम डेटा कॉल लावायले जाते.

म्हणजे मले मिस कॉल येतो. बस. उचलायचं नाही, बोलायचं नाही. त्या नंबरचा मिस कॉल म्हणजे गाडी काढा. एका काडीची रेंज असली तरी मिस कॉल येते, मेल येत नाही.

एसएमएस पण करता येते गम्मू नावाचा प्रोग्राम वापरून. पण मी एसएमएसनं उठत नाही, तुमी उठता का?

---

मुळामुठा (१५ मे, रात्री १०:५२)

मिस कॉलने इन्सिडेंट मॅनेजमेंट. हे मात्र मला आवडलं. खरंच. एसएमएस गेटवे घ्यायचा तर ट्रायच्या डीएलटी नोंदणीत (व्यावसायिक एसएमएससाठी लागते ती) टेम्प्लेट मंजूर करून घ्या, ते सगळं यात वाचतं.

एकच शंका, पाय कोणाच्या विजेवर?

---

खारपाणपट्टा (१५ मे, रात्री ११:००)

सर्व्हरच्याच यूपीएसवर. आन मोडेम खिडकीपाशी, लांब वायरीनं. लोखंडी रॅकात रेंज येत नाही.

---

झाडीबोली (१६ मे, सकाळी १०:१५)

@अरुणावती_काठ अजून एक. तुमची ती ११:५२ ची वेळ कुठून घेतली? मेलवरून की होस्टच्या लॉगवरून? होस्टचे लॉग यूटीसीत (जागतिक वेळेत, आपल्याहून साडेपाच तास मागे) असतात. आपली रात्रीची ११:५२ म्हणजे तिथे १८:२२. मागे आमच्याकडे यावरून दोन इंजिनिअर भांडले. एक म्हणे संध्याकाळी बिघडलं, एक म्हणे रात्री. साडेपाच तासांचं भांडण.

---

अरुणावती_काठ (१६ मे, दुपारी २:००)

मेलवरून. लॉग पाहिला, १८:२२ च आहे. एसी बंद पडल्यापासून पहिला मेल यायला पावणेदोन तास लागले. म्हणजे ३० ची मर्यादा असती तर बराच आधी कळलं असतं. (आणि फोल्डर उघडला असता तर.)

---

वर्धेचा_नवखा (२० मे, दुपारी १२:४०)

हे सगळं वाचून लावायला बसलो, पण व्हीसेंटरच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर (पोर्ट ५४८०) रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड चालेना. चुकला नाही, खात्री आहे.

---

सांबारवडी (२० मे, दुपारी १:१०)

चुकला नसेल, संपला असेल. मुद्दाम बदललं नसेल तर अप्लायन्सच्या रूटचा पासवर्ड ९० दिवसांत मुदतबाह्य होतो. हात लागलाच आहे तर सर्टिफिकेटच्या तारखाही बघून घ्या. त्यातलं एसटीएसचं (लॉगिन सांभाळणाऱ्या भागाचं) सर्टिफिकेट काही आवृत्त्यांत २ वर्षांचंच होतं, ते संपलं की व्हीसेंटर चालू असूनही कोणालाच लॉगिन करता येत नाही. सर्टिफिकेटचा अलार्म तयार असतो, त्याची मेल बांधायची तेवढी राहिलेली असते. हा सकाळी चहाबरोबर वाचायचा अलार्म, उठवणारा नाही.

---

अरुणावती_काठ (९ जून, रात्री १०:०५)

मंडळी, काय केलं ते सांगायला आलो.

एसी दोन झाले, वेगळ्या फेजवर. जुन्यात ऑटो रिस्टार्ट होतं, कोणीतरी बंद केलेलं. काका, साष्टांग.

५८ चे ९ केले. तिफणताईंचे सात, अधिक स्टोरेजच्या कंट्रोलरचा एक, अधिक एक माझ्या भीतीचा. बाकी सगळे नुसते स्क्रीनवर. आता दिवसाला दोन-तीन मेल येतात आणि त्या मी वाचतो, हे माझं मलाच नवल.

पाय आणि मोडेम लावला. खारपाणपट्टाभाऊंच्या जुगाडात एक भर घातली : व्हीसेंटरमध्ये शिरून ॲक्नॉलेज करायला रात्री नेट कुठून आणायचं? म्हणून मोडेमला मीच उलटा फोन केला, की "पाहिलं" असं समजून पायने पुढचे मिस कॉल थांबवायचे. छान चाललं. मग गेल्या रविवारी रात्री २:१० ला खरा अलार्म आला. फोन आईच्या खोलीत चार्जिंगला. मी नंबरला नावच दिलं नव्हतं. आईला वाटलं नागपूरहून मावशीकडून कोणी केला, तिने काळजीने उलटा फोन लावला. पायने समजून घेतलं की मी पाहिलं.

आईने अलार्म ॲक्नॉलेज केला आणि झोपली.

सकाळी ६ ला उठल्यावर म्हणते, "कोणाचा तरी फोन होता रे, उचलतच नव्हते." गेलो. एक एसी गळून पडला होता, दुसऱ्याने खोली ३१ वर धरून ठेवली होती. म्हणून आज लिहायला हसतोय.

आता नियम बदलला. उलटा फोन आला तरी १५ मिनिटांनी तापमान उतरलं नसेल तर पुन्हा मिस कॉल. दुसरा नंबर रात्रीच्या वॉचमनचा. त्याच्याकडे खोलीची किल्ली आणि स्टँडचा पंखा, दार उघडून पंखा लावायचा एवढंच काम. त्याला दोनदा तालीम दिली.

---

कोहळं (९ जून, १०:१२)

मातोश्रींना व्हीसेंटरमध्ये यूजर काढून द्या. रोल : ॲडमिनिस्ट्रेटर.

---

निवृत्त_लाइनमन (१० जून, सकाळी ६:०५)

दुसरा एसी कामी आला, हे वाचून बरं वाटलं. जो गळला त्याचा गॅस पाहून घ्या, पावसाच्या आधी.

---

तिफण (१० जून, सकाळी ९:३०)

९ झाले ना? तो भीतीचा कोणता?

---

अरुणावती_काठ (१० जून, सकाळी ९:४१)

परीक्षा विभागाची व्हीएम बंद पडली तर. तो काढणार नाही, ताई.

---

खारपाणपट्टा (१० जून, सकाळी ११:२०)

भाऊ, सगळं झ्याक. एकच विचारायचं राह्यलं. त्या मोडेमच्या सिमवर रिचार्ज कोणता मारला?

---

अरुणावती_काठ (१० जून, सकाळी ११:२६)

२८ दिवसांचा. का?

---

अरुणावती_काठ (१० जून, सकाळी ११:३१)

थांबा. १६ मेलाच घेतलं होतं सिम. परवा संपतो. बाजारात चाललो.